राणीचे तीन गुण

श्रावण लागला की आमच्या इंदूरच्या घरात दोन वस्तू माळ्यावरून खाली येतात. एक गणपतीच्या आराशीची पेटी आणि दुसरा कॅरमचा पट. पेटीला अद्याप अवकाश असतो, म्हणून ती भिंतीशी टेकवून ठेवली जाते; पट मात्र त्याच संध्याकाळी पुसला जातो, त्यावर बोरिक पावडर भुरभुरली जाते आणि चार खुर्च्यांच्या मध्ये स्टुलावर तो विराजमान होतो. बाहेर पाऊस पडत राहतो आणि आत आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर सोंगट्यांच्या मागे लागते. आमच्या वडिलांचे मात्र कॅरमविषयी फारसे चांगले मत नव्हते. "हा भांडणाचा खेळ आहे," असे ते म्हणत. त्यांच्या म्हणण्यातील तथ्य आम्हांस गेल्या वर्षी कळले.

आमच्या भागातील सहा मराठी वसाहतींनी मिळून काही वर्षांपूर्वी कॅरमचे साखळी सामने सुरू केले. प्रत्येक वसाहतीचा एक संघ. प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येक संघाशी एकदा खेळावयाचे. या रविवारी सामना यांच्याकडे, तर पुढच्या रविवारी त्यांच्याकडे. बक्षीस म्हणजे एक पितळी पेला. तो वर्षभर विजेत्या वसाहतीतील कुणाच्या तरी काचेच्या कपाटात राहावयाचा. सामन्यांच्या निमित्ताने लोक एकमेकांच्या घरी जात, मुले मराठी बोलत, नव्या सुना ओळखीच्या होत. एवढाच त्यामागील हेतू, आणि तो चांगला साधतही होता.

गेल्या वर्षी अखेरच्या दिवशी दुहेरीचा निर्णायक सामना होता. एका बाजूस सासरे आणि सून, दुसऱ्या बाजूस मामा आणि भाचा. सात डाव होत आले होते. सासरे-सुनेचे २२ गुण होते, मामा-भाच्याचे २०. पंचवीस गुण आधी करील त्याचा पेला. सातव्या डावात सुनेने राणी घेतली, कव्हरही दिले आणि सासऱ्यांनी शेवटची सोंगटी घेऊन डाव संपविला. समोरच्यांची एकच सोंगटी पटावर उरली होती. "एक सोंगटीचा आणि तीन राणीचे, झाले सव्वीस!" असे म्हणून मंडळी टाळ्या वाजवू लागली. तोच मामा म्हणाले, "थांबा. बावीसच्या पुढे राणीचे गुण धरत नाहीत. तुमचे तेवीस झाले. अजून एक डाव आहे."

"हे कुठले नवीन काढलेत? आमच्याकडे राणीचे तीन नेहमीच धरतात."

"तुमच्याकडे धरत असतील. खेळाच्या नियमात नाहीत."

पंच म्हणून बसविलेला मुलगा कॉलेजात शिकणारा. त्याने प्रथम सव्वीस लिहिले, मग खोडून तेवीस लिहिले, मग तेही खोडले. वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी करून पाहिली, पण प्रत्येक मध्यस्थ आपापल्या घरचा नियम सांगू लागल्यामुळे गोंधळ वाढला. शेवटी पेला कोणासच मिळाला नाही. तो मंडळाच्या कपाटात कुलूपबंद झाला. एवढ्यावर भागले असते तरी आम्ही ह्या सदराची जागा अडविली नसती. परंतु ही दोन्ही घरे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून वीस वर्षे राहत होती. त्या दिवाळीस फराळाचे ताट इकडून तिकडे गेले नाही, तिकडून इकडे आले नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवास दोन्ही घरच्या बायकांनी एकमेकींस बोलावणे केले नाही. तीन गुणांची ही किंमत फार झाली.

उन्हाळ्यात मंडळाची सभा भरली आणि साखळी सामने बंद करावेत की काय, असा प्रश्न निघाला. तरुण मंडळींनी विरोध केला. तेव्हा कुणीतरी म्हणाले, "ह्यांना दरमहा काही ना काही लिहायची सवय आहे, तर यंदा नियम ह्यांनाच लिहू द्या." अशा रीतीने हे काम आमच्या गळ्यात पडले.

त्याच सुमारास आमच्या बहिणीच्या मुलाचा इंग्लंडहून फोन आला. तो लेस्टरला नोकरी करतो आणि दर मंगळवारी संध्याकाळी आपल्या गल्लीतील पबच्या संघाकडून पूल खेळतो. पबचे नाव ऐकताच आमच्या बहिणीच्या कपाळावर आठी उमटते, म्हणून येथे सांगून टाकतो की तो तेथे संत्र्याचा रस पितो, निदान आईला तसे सांगतो. तिकडे पब म्हणजे निव्वळ मद्यपानाची जागा नसून आपल्या गावच्या पाराप्रमाणे शेजाऱ्यांनी बसावयाचीही जागा आहे. पूल हा बिलियर्ड्‌सच्या कुळातला खेळ. मात्र टेबल त्याहून लहान, सुमारे सात फूट लांब व साडेतीन फूट रुंद, कोपऱ्यात बसेल असे. सात लाल चेंडू, सात पिवळे आणि एक काळा. पांढऱ्या चेंडूस काठीने टोला देऊन आपल्या रंगाचे सर्व चेंडू खिशांत घालावयाचे आणि सर्वांत शेवटी काळा. कॅरम खेळणाऱ्यास हे समजावयास अडचण पडू नये. दोन रंग आणि त्यांच्यामध्ये एक मानाचा मोहरा, ही रचना दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच की त्यांचा काळा शेवटी घ्यावयाचा असतो आणि आपली राणी शेवटपर्यंत ठेवून चालत नाही.

आम्ही भाच्यास आमची अडचण सांगितली, तर तो हसू लागला. म्हणाला, "मामा, इथेही हेच रडगाणे आहे." एका पबमध्ये प्रतिस्पर्ध्याने चूक केली की समोरच्यास दोन टोले मिळतात, दुसऱ्या पबमध्ये त्यांतील पहिल्या टोल्यास चेंडू गेला तरी दुसरा टोला शिल्लक धरतात, तिसऱ्यात धरत नाहीत, काळ्या चेंडूवर आल्यावर दोन द्यावयाचे की एक, याबद्दल तर गल्लोगल्ली वेगळा कायदा. आपापल्या पबमध्ये खेळताना यात काही बिघडत नाही. पण एका पबचा संघ दुसऱ्याकडे खेळावयास जाऊ लागला की कोणाचा कायदा चालवावयाचा? म्हणून त्यांच्या साखळीने एकच कागद छापला आहे. तो प्रत्येक पबमध्ये टेबलाजवळच्या भिंतीवर टाचलेला असतो आणि सामना संपल्यावर दोन्ही संघनायक एकाच गुणपत्रकावर सह्या करतात. यजमान संघाने पाहुण्यांस खावयास घालावे, असाही रिवाज आहे.

भाच्याशी बोलल्यावर आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. गेल्या वर्षी आम्ही सारे "कोण खरे बोलतो" याचा शोध घेत होतो. वस्तुतः दोन्ही बाजू खरे बोलत होत्या. सासऱ्यांच्या घरी राणीचे तीन गुण खरोखरच नेहमी धरीत असत आणि मामांनी नियम खरोखरच वाचलेला होता. घरच्या नियमात वाईट असे काही नाही. कुणाच्या घरी काळीचे पाच, पांढरीचे दहा व राणीचे पन्नास असा गुणांचा खेळ चालतो. कुणाकडे अंगठ्याने मारू देत नाहीत. कुणाकडे आपल्या रेषेमागील सोंगटी सरळ मारता येत नाही, समोरच्या कडेवर आपटूनच यावे लागते. आमच्या मंडळींपैकी कुणाचे घराणे कोकणातून आलेले, कुणाचे पुण्याकडून, कुणाचे नागपूरकडून. कॅरमही ज्याने त्याने आपापल्या घरी आपल्या रीतीने जोपासला. जसे आमटीत गूळ घालावा की नाही याचे भांडण न्यायाने मिटत नाही, तसेच हेही. परंतु चार घरांचे एकत्र जेवण असेल तेव्हा आमटी कशी करावयाची ते चूल पेटण्यापूर्वी ठरवावे लागते. पाने वाढल्यावर ठरविता येत नाही.

सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी शंका काढली की, कॅरमसारख्या घरगुती करमणुकीस कसले आले आहेत नियम? त्यांस आम्ही नम्रपणे सांगितले की, अखिल भारतीय कॅरम महासंघ १९५६ साली स्थापन झाला आणि आंतरराष्ट्रीय महासंघ १९८८ साली मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई, येथे. २०२४ साली अमेरिकेत कॅरमचा विश्वचषक झाला, त्यात चेन्नईच्याच एम. काझिमा ह्या रिक्षाचालकाच्या तरुण मुलीने तीन सुवर्णपदके मिळविली. जगभर एकाच नियमाने खेळ होतो म्हणूनच अशी मुलगी परदेशात जाऊन कुणाही समोर बसू शकते. आमच्या सहा वसाहतींनी तोच नियम पत्करला तर काय बिघडले? ज्येष्ठ सभासद म्हणाले, "मग लिहा. पण एका पानात बसवा."

आम्ही एका पानात बसविले. वाचकांपैकी अनेकांच्या वसाहतीत वा मंडळात असे सामने होत असतील, म्हणून त्यातील मुख्य कलमे येथे देत आहोत.

१. पट व सोंगट्या. खेळावयाची जागा ७४ सेंटिमीटर चौरस. पांढऱ्या नऊ, काळ्या नऊ, राणी एक. स्ट्रायकर १५ ग्रॅमहून जड नसावा व त्याचा व्यास ४.१३ सेंटिमीटरहून अधिक नसावा. घरून आणलेला जड स्ट्रायकर सामन्यापूर्वी दोन्ही संघनायकांनी पाहावा.

२. ज्याच्याकडे पांढऱ्या, त्याने डाव फोडावा. पुढच्या डावास पाळी बदलावी.

३. स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकलेला असावा. एकाच रेषेला टेकवून मारणे ही चूक होय. अंगठ्याने मारण्यास व रेषेमागील सोंगटी सरळ मारण्यास हरकत नाही.

४. प्रत्येक फटका १५ सेकंदांत मारावा. आजोबांनी चष्मा पुसण्यास लागणारा वेळ यात धरू नये. (ही सवलत महासंघाची नव्हे, आमची.)

५. स्ट्रायकर खिशात गेल्यास पूर्वी घेतलेली एक सोंगटी दंड म्हणून परत द्यावी. ती प्रतिस्पर्ध्याने मधल्या वर्तुळात ठेवावी. हातात सोंगटी नसेल तर दंड बाकी राहील.

६. राणी घेण्यापूर्वी स्वतःची निदान एक सोंगटी घेतलेली असावी. राणी घेतल्यावर लागलीच पुढच्या फटक्यात स्वतःची सोंगटी घेऊन कव्हर द्यावे. न दिल्यास राणी पुन्हा मध्यभागी जाईल. राणी पटावर असताना स्वतःची शेवटची सोंगटी घेणाऱ्याने तो डाव गमावला.

७. डाव जिंकणाऱ्यास प्रतिस्पर्ध्याच्या उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा एक गुण व राणी त्याने घेतली असल्यास तिचे तीन. म्हणजे एका डावात अधिकात अधिक बारा.

८. स्वतःचे गुण एकवीस असेपर्यंतच राणीचे तीन मिळतील. बावीस झाल्यावर राणी घेता येईल, घ्यावीही लागेल, परंतु तिचे गुण मिळणार नाहीत.

९. पंचवीस गुण प्रथम करणारा जिंकला. आठ डावांत कोणाचेच पंचवीस न झाल्यास ज्याचे गुण अधिक तो जिंकला. आठ डावांनंतर बरोबरी असल्यास आणखी एक डाव.

१०. पाहणाऱ्यांनी बोलू नये, हातवारे करू नयेत, खोकूनही सुचवू नये.

११. तक्रार असल्यास दोन्ही संघनायकांनी तेथल्या तेथे कागद वाचून निकाल द्यावा. कागदात उत्तर नसेल तर पंचाचा शब्द अखेरचा. घरी गेल्यावर केलेली तक्रार ऐकली जाणार नाही.

१२. स्वतःची चूक पंचाने पाहिली नसली तरी खेळणाऱ्याने स्वतः सांगावी.

आठव्या कलमाचे कारण मुलांनी विचारले. आमच्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ असा की, विजयाच्या उंबरठ्यावर आलेल्याने एका राणीच्या जोरावर आत उडी मारू नये. शेवटची पायरी त्याने सोंगट्या घेऊनच चढावी.

कच्चा मसुदा आम्ही मोठ्या भारदस्त भाषेत लिहिला होता. तो सभेत वाचल्यावर आठवीतल्या एका मुलाने हात वर केला व विचारले, "काका, ग्राह्य म्हणजे काय? आणि सोंगटी म्हणजे गोटीच ना?" येथील शाळांत शिकणारी आमची मुले खेळतात त्या हिंदी गोट्या, हे आम्ही विसरलो होतो. काही जणांनी मग कागद हिंदीतच काढा अशी सूचना केली. ती आम्ही मानली नाही. पण जेथे जेथे 'ग्राह्य' होते तेथे 'मिळेल' केले आणि पहिल्या कलमाखाली 'सोंगटी म्हणजे गोटी' अशी ओळ घातली. ज्याला नियम पाळावयाचा त्याला तो कळला पाहिजे. जो नियम मोठ्यांनाच वाचता येतो, तो भांडणाच्या वेळी मोठ्यांच्याच उपयोगी पडतो.

आणखी एक कलम आमच्या मसुद्यात नव्हते. सभा संपता संपता मागच्या रांगेतून एक वहिनी उठल्या व म्हणाल्या, "नियम करताच आहात, तर आमचाही एक लिहून घ्या. ज्या घरी सामना, त्या घरी वीस माणसांचे खाणे होते. सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात, आणि पटावर टाळ्या पडल्या की आम्ही दारातून डोकावायचे. मला चांगले खेळता येते. माझे नाव संघात का नाही, हे कुणी विचारलेसुद्धा नाही." सभा क्षणभर गप्प झाली. मग तेरावे कलम झाले ते असे: यजमानांनी फक्त चहा व पोहे द्यावेत, ते संघातील सर्वांनी मिळून करावेत, आणि प्रत्येक संघात निदान दोन स्त्रिया खेळाव्यात. बाराही कलमांवर ज्या पुरुषांनी वाद घातला होता, त्यांपैकी कुणी ह्यावर अवाक्षर काढले नाही. यंदा पोहे काही ठिकाणी कच्चे होते. तथापि सामने वेळेवर सुरू झाले.

नियम झाले, राहिला तो मागचा हिशेब. आठव्या कलमाप्रमाणे गेल्या वर्षी सासरे-सुनेचे तेवीस गुण होते, मामा-भाच्याचे वीस, आणि नवव्या कलमाप्रमाणे आठवा डाव व्हावयाचा राहिला होता. यंदाचे सामने सुरू होण्यापूर्वी तो डाव खेळवावा, असे आम्ही सुचविले. सासरे प्रथम तयार होईनात. "नियम आता केलात आणि लावता मागच्या वर्षाला?" असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. सुनेने त्यांची समजूत घातली. "बाबा, तो पेला कपाटात राहण्यापेक्षा त्यांच्याकडे गेला तरी चालेल," असे ती म्हणाली, असे आम्हांस मागाहून कळले.

श्रावणातल्या एका रविवारी मंडळाच्या खोलीत चौघे समोरासमोर बसले. भिंतीवर नवा कागद होता. पंच तोच कॉलेजातला मुलगा. डाव चांगला रंगला. दोन्हीकडच्या सोंगट्या भराभर कमी होत होत्या आणि राणी अजून मध्येच होती. सासऱ्यांनी एक कठीण कट मारून सोंगटी घेतली. लोक वाहवा करणार, एवढ्यात त्यांनी स्वतःच हात वर केला. "स्ट्रायकर खालच्या रेषेला टेकला नव्हता. चूक धरा."

पंच म्हणाला, "काका, मला तर दिसले नाही."

"मला दिसले," ते म्हणाले, आणि घेतलेली सोंगटी व दंडाची दुसरी, अशा दोन्ही त्यांनी मामांच्या हाती दिल्या.

त्या दोन सोंगट्यांनीच डाव फिरला. मामांनी त्या मधल्या वर्तुळात ठेवल्या, भाच्याने राणी घेतली, कव्हर दिले, आणि डाव संपला तेव्हा नेमक्या त्याच दोन सोंगट्या पटावर उरल्या होत्या. दोन सोंगट्यांचे आणि तीन राणीचे, मिळून पाच. मामा-भाच्याचे वीस होते म्हणजे एकवीसच्या आत, तेव्हा राणीचे गुण त्यांना नियमानेच मिळाले. वीस आणि पाच पंचवीस. गुणपत्रकावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. सासऱ्यांनी सही करताना आठवे कलम पुन्हा एकदा मोठ्याने वाचले व म्हणाले, "म्हणजे हीच राणी आम्हाला नाही, यांना चालते." मामा म्हणाले, "पुढच्या वर्षी तुम्ही वीसवर थांबा." त्यावर पहिल्यांदा हसले ते सासरेच.

त्या आठवड्यात नारळी पौर्णिमा होती. पितळी पेला मामांच्या कपाटात गेला आणि मामींकडून नारळीभाताचा डबा शेजारी गेला. डबा रिकामा परत करावयाचा नसतो, हा नियम आमच्या कागदावर नाही. तो दोन्ही घरांना आधीपासून ठाऊक होता.

आपल्या वसाहतीसाठी ज्यांना हा कागद हवा असेल त्यांनी वरील कलमे खुशाल उतरवून घ्यावीत, आपल्या सोयीची घालावीत, नको ती काढावीत. मात्र जे काही ठरवाल ते पहिली सोंगटी हलण्यापूर्वी ठरवा, सर्वांना वाचून दाखवा आणि पटाजवळच्या भिंतीवर लावा. बारावे कलम तेवढे काढू नये, अशी विनंती.